सात महिन्यांचा भाचा, हृदयाचा स्नायू कमजोर. प्रत्यारोपणाबद्दल कुणाला अनुभव?

बाळीवेशीतला मामा | शनिवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी शेंगाचटणीच्या धाग्यावर भांडायला येतो, आज वेगळंच विचारायचंय.

बहिणीचा मुलगा सात महिन्यांचा आहे. वजन साडेपाच किलो. दिवाळीनंतर दूध पिताना दमायला लागला. चार घोट घ्यायचा, सोडायचा, परत धरायचा, आणि कपाळावर घामाचे थेंब. आमची आई पदरानं घाम पुसायची आणि म्हणायची, सोलापूरचा उकाडा. डिसेंबरात कसला उकाडा? पण तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. सर्दी झाली म्हणून नेलं, एक्सरेत हृदय मोठं दिसलं, मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, हृदय फुगून स्नायू कमजोर झालेला. ईएफ २२ टक्के. म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तातलं जेमतेम पाचवा हिस्सा पुढं ढकललं जातंय.

अकरा दिवस आयसीयूत आहे. हृदयाला जोर देणाऱ्या मिलरिनोनचं ड्रिप होतं, ते काल कमी केलं. डॉक्टर म्हणाले, कारण बहुधा जनुकीय आहे, जनुकांच्या एक्झोम तपासणीला रक्त पाठवलंय, रिपोर्टला चार-पाच आठवडे. औषधांनी उचल खाल्ली नाही तर हृदय प्रत्यारोपणाचा विचार करावा लागेल, चेन्नई किंवा मुंबई.

एवढ्याशा बाळाला हृदय बसवतात का हो? कुणाचं? किती वर्षं चालतं? माझे टॉवेलचे आठ माग आहेत, भाऊजी एमआयडीसीत कामाला. चार माग काढले तर काय येईल त्याचा हिशेब रात्री करत बसलो होतो, मग तो कागद फाडला आणि इथं आलो.

गड्ड्यातला पाळणा | शनिवार, रात्री ११:५९

मामा, लई वाईट वाटलं बघा. धीर सोडू नका. आमच्या पाव्हण्यातलं एक पोरगं असंच होतं, एका वैद्याकडं भस्म चालू केलं तर उठून पळूलालंय आता. पत्ता पाहिजे असंल तर सांगतो.

स्टेथोस्कोप | रविवार, सकाळी ७:२०

पाळणाशेठ, भस्माचा पत्ता स्वतःजवळच ठेवा. या बाळाच्या पोटात डॉक्टरांनी दिलेल्या औषधांशिवाय आत्ता काहीही जाता कामा नये.

मामा, मी बालहृदयरोग विभागात काम करतो, मूळचा सात रस्त्याजवळचा. इथून निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न देतो.

पहिली गोष्ट, प्रत्यारोपण हा शब्द आला की घरचे सगळे पैसा आणि हृदय या दोनच गोष्टींमागं धावतात. त्याआधीचा प्रश्न असतो, हृदय का थकलं? तान्ह्या बाळाचं हृदय फुगण्याची काही कारणं चक्क बरी होणारी आहेत. आपल्याकडं सर्रास सापडणारं म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि त्यामुळं उतरलेलं कॅल्शियम. आईलाच ड कमी, बाळ फक्त अंगावरच्या दुधावर, आणि ऊन लागेल म्हणून घराबाहेर काढलेलं नाही. सोलापुरात राहून ड कमी, हसू येतं पण रोज बघतो. कॅल्शियम आणि ड दिलं की अशी हृदयं काही आठवड्यांत, महिन्यांत सावरतात. दुसरं, डावी हृदयधमनी महाधमनीऐवजी फुप्फुसाच्या धमनीतून निघालेली असणं. ते इकोत बारकाईनं बघावं लागतं, शस्त्रक्रियेनं दुरुस्त होतं. तिसरं, कार्निटिन (चरबीतून ऊर्जा काढायला लागणारा पदार्थ) पेशीत न शिरण्याचा आनुवंशिक आजार. तोही जनुकीयच, पण त्यावर उपाय म्हणजे तोंडावाटे कार्निटिन, जन्मभर. हृदय बदलायची गरजच नाही.

या तिन्ही गोष्टी बघून झाल्यात का, एवढं आज विचारा. आणि घरात कुणी लहानपणी गेलंय का, आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही बाजूंनी, ते कागदावर लिहून काढा. नात्यात लग्न आहे का तेही.

निवांत वाचक | रविवार, सकाळी ८:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सात महिन्यांच्या जिवाला कापून दुसऱ्याचं हृदय बसवायचं, मग जन्मभर गोळ्या. हे बाळासाठी की आपल्या समाधानासाठी? काही वेळा सोडून देणं हेही प्रेमच असतं.

चौदा महिन्यांची आई | रविवार, सकाळी १०:३३

निवांत, राग मानत नाही, पण उत्तर देते. माझ्या मुलीचं प्रत्यारोपण ती चौदा महिन्यांची असताना चेन्नईत झालं. आज ती पहिलीत आहे आणि आत्ता माझ्या पाठीमागं धाकट्या भावाशी रिमोटवरून मारामारी करतेय.

मामा, आमची गोष्ट थोडक्यात. तिचं हृदय फुगलेलं नव्हतं, कडक झालं होतं, रिस्ट्रिक्टिव्ह म्हणतात. टीएनएनआय३ या जनुकात बदल निघाला. त्या प्रकारात औषधांना फार वाव नसतो आणि फुप्फुसांतला दाब वाढत जातो. तो हाताबाहेर गेला तर नवं हृदयही टिकत नाही, म्हणून आम्हाला लवकर यादीत नाव घालायला सांगितलं. दोष फक्त हृदयाच्या स्नायूत होता. मेंदू, यकृत, हातपाय सगळं नीट. डॉक्टरांनी ते ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आम्ही चेन्नईत खोली घेऊन साडेपाच महिने थांबलो. सोलापुरात थांबून वाट बघता येत नाही. हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत बसवावं लागतं, फोन आला की तुम्ही दवाखान्यात हवेत. दोनदा फोन येऊन परत फिरलो. एकदा हृदय मोठं होतं, एकदा शेवटच्या तपासणीत ते चांगलं निघालं नाही. दुसऱ्यांदा परत फिरताना नवरा रिक्षात रडला, आणि रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

खर्च सगळा मिळून तीस लाखांच्या वर गेला. त्यात ट्रस्ट, ऑफिसची वर्गणी, लोकवर्गणी, माझे दागिने सगळं आलं. पण खर्च तिथं संपत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, सकाळी आठ आणि रात्री आठ. आठ म्हणजे आठ. माझ्या फोनचा तो गजर शेजारच्या काकूंनाही पाठ झालाय. रक्तातली पातळी तपासायची तर सकाळच्या डोसाच्या आधी रक्त द्यायचं, आमचं सॅम्पल सोलापुरातून बाहेर जातं. पपनस आणि ग्रेपफ्रूट घरात आणत नाही, त्यानं औषधाची पातळी वर जाते. जिवंत लशी तिला चालत नाहीत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तिला नेत नाही, धूळ आणि गर्दी. नंदीध्वज ती मावशीच्या गच्चीवरून बघते आणि तिथूनच ‘हर्र बोला हर्र’ ओरडते.

सोडून देणं हे प्रेम असू शकतं. आमच्या शेजारच्या खोलीत एक जोडपं होतं, त्यांनी यादीत नाव घातलं नाही, आणि मला ते चुकले असं कधीच वाटलं नाही. पण तो निर्णय त्यांनी सगळं समजून घेऊन, चार वेळा डॉक्टरांशी बोलून घेतला होता. सकाळी आठ वाजता चहा पिता पिता नाही.

इतिहासाचा किडा | रविवार, दुपारी १:१५

बाळांच्या प्रत्यारोपणाचा इतिहास रंजक आहे. ख्रिस्तियन बर्नार्डनं ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनात पहिलं मानवी हृदय बसवलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी जेमतेम अडीच-तीन आठवड्यांच्या बाळाला हृदय बसवलं होतं. बाळ काही तासच जगलं. आपल्याकडं फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी प्रयत्न केला, तोही रुग्ण काही तासांतच गेला. मग १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा लिंडाला लिओनार्ड बेली यांनी एका नवजात मुलीला बबून माकडाचं हृदय बसवलं, ती तीन आठवडे जगली. जगभर गदारोळ झाला. पण पुढच्याच वर्षी बेलींनीच नवजात बाळात मानवी हृदय यशस्वीपणे बसवून दाखवलं. भारतात पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण ऑगस्ट १९९४, दिल्लीचं एम्स, डॉ. वेणुगोपाल. अवयवदानाचा कायदाही त्याच वर्षीचा.

बाळीवेशीतला मामा | रविवार, दुपारी २:४०

किडाभाऊ, माहिती चांगली आहे, पण ‘काही तासच जगलं’ हे आयसीयूच्या बाकड्यावर बसून वाचताना कसं वाटतं ते सांगू का? असो. माकडाचं हृदय आईला वाचून दाखवलं नाही.

स्टेथोस्कोपसाहेब, विचारलं. कॅल्शियम, ड दोन्ही नीट. धमनी इकोत जागेवर दिसली. कार्निटिनचं सॅम्पल गेलंय. नात्यात लग्न नाही, भाऊजी थेट लातूरचे.

इतिहासाचा किडा | रविवार, दुपारी २:५२

चुकलं. माफ करा मामा.

पूर्वभागातली | रविवार, दुपारी ४:१०

मामा, माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाळाचं सांगते. आमच्या तेलुगू लोकांत मेनरिकम, म्हणजे नात्यातलं लग्न, बहिणीचं लग्न आत्याच्या मुलाशी. बाळ पाचव्या महिन्यात मान धरेना, जीभ मोठी, अंग कापसासारखं मऊ. हृदयाच्या भिंती इतक्या जाड की आत जागाच नाही. एकानं थेट हृदय बदला असं सांगितलं. हैदराबादला निम्स दवाखान्यात नेलं, तिथं एका रक्ताच्या तपासणीत पॉम्पे नावाचा आजार निघाला. शरीरात साखरेचा साठा मोडणारं एक एन्झाइम नसतं, म्हणून तो साठा स्नायूत तुंबतो. ते एन्झाइम बाहेरून देता येतं, दर दोन आठवड्यांनी शिरेतून. सहा महिन्यांत हृदयाची जाडी इतकी उतरली की इको करणाऱ्यानं नाव परत विचारलं.

औषधाची किंमत मात्र वजनावर. पोरगं वाढलं की बिल वाढतं. पोराचं वजन वाढलं म्हणून आई-बापाला धडकी भरते असा आजार मी पहिल्यांदाच बघितला.

स्टेथोस्कोप | रविवार, रात्री ९:०५

पूर्वभागातली यांनी नेमकं सांगितलं. तान्हेपणी सुरू झालेल्या पॉम्पेत एन्झाइम २००६ पासून उपलब्ध आहे, आणि ते लवकर मिळालं तर हृदय आश्चर्यकारक सावरतं. म्हणून माझा जीव त्या एक्झोम रिपोर्टवर अडकलाय.

मामा, तुम्ही मागवाले आहात, तुमच्या भाषेत सांगतो. कापड खराब येतंय. माग बिघडलाय की सूत कच्चं आहे? माग बिघडला असेल तर बदला, प्रश्न मिटला, चौदा महिन्यांच्या आईच्या लेकीचं तसं झालं. पण सूतच कच्चं असेल तर नवा माग आणून तो दोष जात नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या वीजघराच्या, काही आजारांत हृदयाबरोबर मेंदू, यकृत, स्नायू सगळे ओढले जातात. तिथं दुर्मीळ असं एक हृदय बसवूनही बाळ वाचत नाही, आणि म्हणून प्रत्यारोपण केंद्रं आधी बाकीचे अवयव तपासतात. आणखी एक प्रकार, आल्स्ट्रॉम सिंड्रोम. त्यात तान्हेपणी हृदय कोसळतं आणि पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपलं आपण सावरतं. घाईनं हृदय बदललं असं म्हणायची पाळी तिथं येऊ शकते.

तुमचे प्रश्न राहिले. हो, बसवतात. दान त्याच मापाच्या बाळाकडून किंवा थोड्या मोठ्या बाळाकडून येतं, दात्याचं वजन दुप्पट असलं तरी पुष्कळदा जमतं, कारण फुगलेल्या हृदयानं छातीत जागा केलेली असते. बाळांना एक सवलत असते जी मोठ्यांना नाही. पहिल्या वर्षाच्या आसपास दुसऱ्या रक्तगटाविरुद्धच्या प्रतिपिंडांची फौज तयार झालेली नसते, त्यामुळं गट न जुळणारं हृदयही चालू शकतं. टोरांटोत १९९६ पासून हे सुरू झालं. आणि टिकण्याचं म्हणाल तर जगभरच्या नोंदीत तान्हेपणी प्रत्यारोपण झालेली निम्म्याहून जास्त मुलं वीस वर्षांचा टप्पा ओलांडतात. पुढं हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणं हा मोठा शत्रू, काहींना दुसरं हृदय लागतं.

हिरवा कॉरिडॉर | सोमवार, सकाळी ९:३०

मी पुण्यात अवयवदान समन्वयक आहे, माहेर कुर्डुवाडी. दुसरी बाजू कुणी तरी लिहायला हवी म्हणून.

लहान हृदय मिळत नाही, कारण लहान मूल मेंदूमृत झाल्यावर आई-बापाला विचारणं कुणालाच जमत नाही. आम्हालाही नाही. कायद्यानं मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळानं दोन वेळा तपासावा लागतो, दोन तपासण्यांत किमान ६ तास. तान्ह्या बाळात मेंदू जास्त चिवट असतो म्हणून बालरोगतज्ज्ञ हे अंतर बरंच वाढवतात. तोवर आई त्या कॉटपाशी बसलेली असते. छाती वर-खाली होतेय, अंग गरम आहे, आणि आम्ही सांगायचं की बाळ गेलं.

तरी लोक देतात. २०१७ मध्ये सुरतेच्या एका चौदा महिन्यांच्या बाळाचं हृदय विमानानं मुंबईला येऊन साडेतीन वर्षांच्या मुलीला बसलं, बऱ्याच जणांनी तेव्हा बातमी वाचली असेल. सोलापूर आमच्या पुणे विभागीय समन्वय केंद्राच्या यादीत येतं. सोलापूरहून पुणं अडीचशे किलोमीटर, पोलिसांनी रस्ता मोकळा केला तरी हृदयाच्या चार तासांतला मोठा तुकडा टेंभुर्णी-इंदापूर करण्यातच जातो. यकृत, मूत्रपिंडाला थोडी सवड असते, हृदयाला नाही. सोलापूरचं होटगी रोडवरचं विमानतळ सुरू करा म्हणून भांडलेले आणि त्याच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडू नका म्हणून भांडलेले दोघंही माझ्या नात्यात आहेत, त्यामुळं त्यावर बोलत नाही. २०२३ मध्ये ती पडली, विषय संपला.

मामा, यादीत नाव घालायचं ठरलं तर ते प्रत्यारोपण केंद्रामार्फतच जातं. मध्ये कुणी ‘लवकर हृदय मिळवून देतो’ म्हणाला तर पोलिसांत द्या.

निवांत वाचक | सोमवार, सकाळी ११:४५

चौदा महिन्यांची आई, तुमचं वाचलं. काल मी चहा पितच लिहिलं होतं. मागे घेतो असं म्हणत नाही, पण लिहायची वेळ चुकली.

बाळीवेशीतला मामा | मंगळवार, रात्री १:१०

झोप नाही. घरात कोण कोण गेलं ते लिहून काढा म्हणाला होतात, म्हणून रात्री आईपाशी बसलो. भाऊजींकडं काही नाही. आमच्याकडं मात्र आहे, आणि ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त कधी त्याचा असा विचार केला नाही.

आमच्याकडं म्हण आहे, ‘या घराला मामा लाभत नाही.’ आईला दोन भाऊ झाले. एक चार महिन्यांचा गेला, दुसरा दीड वर्षाचा. आजीच्या दोन बहिणींचेही मुलगे तान्हेपणीच गेले, मुली सगळ्या जगल्या. लोक म्हणायचे ताप आला, गळवं झाली, दृष्ट लागली. आई थोरली, तिच्या पाठीवर भाऊ जगले नाहीत म्हणून तिला पांढऱ्या पायाची म्हणायचे. मी झालो तेव्हा आजीनं वर्षभर माझं नाव ठेवलं नाही, दगडू म्हणायची. मी या घराचा पहिला मामा.

हे सांगताना आई लसूण सोलत होती. एकदाही वर बघितलं नाही.

स्टेथोस्कोप | मंगळवार, सकाळी ६:१५

मामा, फाईलमधले सगळे सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजलेले रिपोर्ट, काढा. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि त्याखाली न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींची, टक्केवारी. जेवढे असतील तेवढे.

बाळीवेशीतला मामा | मंगळवार, सकाळी ८:५०

तीन आहेत. सहाव्या महिन्यात सर्दीला केलेला, ५,२०० आणि न्यूट्रोफिल ८. आयसीयूत आल्या दिवशीचा, ६,१०० आणि ३१. परवाचा, ४,८०० आणि ११. पहिल्या रिपोर्टला चहाचा डाग आहे, टक्केवारी चुकून वाचली नाही ना म्हणून लॅबला फोन करून विचारलं. ८ च आहे.

स्टेथोस्कोप | मंगळवार, सकाळी ९:०२

गुणाकार करा. ५,२०० चे ८ टक्के म्हणजे ४१६. परवाचे ५२८. या वयात हजाराच्या वर हवेत. मधला चांगला आला म्हणून कुणाचं लक्ष गेलं नसेल, आयसीयूत सगळ्यांचे डोळे हृदयावर असतात.

फुगलेलं हृदय, कमी-जास्त होणारे न्यूट्रोफिल, वजन न वाढणं, आणि आईच्या बाजूनं फक्त मुलगे जाणं. हे चार धागे एकत्र आले की आम्हाला बार्थ सिंड्रोम आठवतो. नेदरलँड्सच्या पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेला. एक्स गुणसूत्रावरच्या टॅफाझिन जनुकातला दोष. मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तो नीट घडत नाही, मग पेशीचं वीजघरच ढिलं पडतं. हे निदान नाही, शंका आहे. आज राउंडला हे तीन कागद आणि तुमच्या आजीच्या घराचा तो वृक्ष तुमच्या डॉक्टरांच्या हातात द्या. लघवीत ३-मिथाइलग्लुटाकोनिक आम्ल बघायला सांगा. एक्झोम करणाऱ्या लॅबला ही शंका कळवली तर ते आधी तिथंच बघतात. आणि ताप आला तर एक तासही थांबायचं नाही, न्यूट्रोफिल नसलेल्या बाळाला जंतुसंसर्ग हृदयाच्या आधी नेऊ शकतो. ‘गळवं झाली’ असं तुमची आई म्हणाली ना, त्यावर माझी रात्रीची झोप गेली.

पूर्वभागातली | मंगळवार, दुपारी १२:२०

एक विचारू? एक्स गुणसूत्र म्हणजे आईकडून. आता तुमच्या बहिणीला सासरी ऐकावं लागेल. आमच्यात मेनरिकममुळं झालं म्हणून दोन्ही घरं निम्मी निम्मी वाटून घेतात तरी. इथं सगळं एकटीच्या डोक्यावर.

बाळीवेशीतला मामा | मंगळवार, दुपारी ३:००

सुरुवात झालीय. ‘यांच्या घरातलं आहे’ असं फोनवर बोलताना बहिणीच्या जावेला मीच ऐकलं. भाऊजी मात्र तिथंच म्हणाले, मला लहानपणापासून चष्मा आहे तो कुणाच्या घरातला? पुढं कुणी बोललं नाही.

बाळीवेशीतला मामा | साडेतीन आठवड्यांनंतर, गुरुवार रात्री १०:२५

धागा वर आणतोय, बरेच जण व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारत होते.

रिपोर्ट आला. टॅफाझिनच. बहिणीत तोच बदल आहे, आईतही. लघवीतलं ते आम्ल आधीच वाढलेलं निघालं होतं, त्यामुळं धक्का असा बसला नाही. कार्निटिन नीट होतं.

भाचा घरी आहे. हृदयासाठी एनालाप्रिल, कार्वेडिलॉल, फ्रुसेमाइड, आणि न्यूट्रोफिल उतरले की पोटावर छोटं इंजेक्शन. परवाचा ईएफ ३१. मुंबईच्या प्रत्यारोपणाच्या टीमनं सगळी फाईल बघितली. त्यांचं म्हणणं, आत्ता यादीत नाव घालायचं नाही. बार्थमध्ये हृदय औषधांवर वर येऊ शकतं, खूप मुलं वर्ष-दीड वर्षांनंतर बरीच स्थिर होतात. दर महिन्याला इको, घसरला तर लगेच यादी. नवं हृदय दात्याच्या जनुकांचं असल्यानं त्याला हा आजार होत नाही, पण हातापायांची ताकद आणि पेशींचं दुखणं राहणारच, आणि प्रत्यारोपणानंतरची औषधं पेशी आणखी खाली नेतात. म्हणजे दार बंद नाही, उघडून आत्ताच जायचं नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये बार्थसाठी इलामिप्रेटाइड नावाचं पहिलं औषध मंजूर झालंय, पण ते किमान ३० किलो वजनाच्यांना. आमचे साहेब सहा किलो शंभर ग्रॅम. आठही माग चालू आहेत.

रात्री तीनला उठून दूध द्यावं लागतं, उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरते. ते मी बघतो. बहीण झोपते.

आईला मी समजावून सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, म्हणजे माझे भाऊ या जनुकानं गेले का? हो म्हटलं, बहुतेक. मग म्हणाली, त्याचं नाव मराठीत लिहून दे. लिहून दिलं. तिनं तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

चौदा महिन्यांची आई | गुरुवार, रात्री १०:५०

३१! मामा, मी आत्ता मोठ्यानं ओरडले, घरचे बघायला आले.

स्टेथोस्कोप | शुक्रवार, सकाळी ७:००

छान. मामा, तुम्ही तिशी ओलांडून ठणठणीत आहात, म्हणजे तो बदल तुमच्याकडं जवळजवळ खात्रीनं आलेला नाही, तुमच्या मुलांना काळजी नाही. पण आणखी बहिणी आहेत का?

बाळीवेशीतला मामा | शुक्रवार, सकाळी ७:४०

तेच लिहायला आलो होतो. धाकटी अक्कलकोटला दिलीय, दहावा आठवडा चालू आहे. तिचं रक्त तपासलं, तिच्यातही आहे. मुलगा असला तर निम्मी शक्यता, असं सांगितलं. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं. रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते ती आणि तिचा नवरा ठरवतील, मी विचारलेलं नाही. दुर्मीळ आजारांसाठी सरकारनं नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे आणि हैदराबादला सीडीएफडी (जनुकीय तपासण्यांची संस्था) आणि निम्स मिळून एक आहे, २०२१ च्या धोरणातलं. आम्हाला हैदराबाद सोपं पडतं. सोमवारी निघतोय, चार दिवस राहावं लागेल. पंजागुट्ट्याच्या आसपास स्वस्तात राहायची सोय कुणाला माहीत आहे का? धाकटीला जिने चढवत नाहीत.

पूर्वभागातली | शुक्रवार, सकाळी ८:०५

माझी नणंद तिथंच राहते, तळमजला. नंबर व्यनि केलाय. तिला मराठी येत नाही, तेलुगूच, पण तुम्ही सोलापूरचे, भागेल तुमचं.